स्टेसेलच्या दोन दोऱ्या

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. बोट घेऊन आठ महिने झाले, अजून ती धक्क्यावरून हललेली नाही. कारण तयारी. तयारीशिवाय समुद्रात जाणारे मूर्ख असतात आणि ते सगळे आज सकाळी माझ्या देखत गेले.

काल ही म्हणाली, चोवीस तारखेच्या रविवारी मी एकदा येईन. मजा आली तर बोट ठेवा. नाही आली तर माझ्या भावाच्या ओळखीचा माणूस सोमवारी घरी येईल, त्याला देऊन टाका. मी म्हटलं, मंजूर. तीन आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

५ मार्च
राहिलंय फक्त स्टेसेल. म्हणजे मोठ्या शिडाच्या पुढचं, मधलं छोटं शीड. त्याच्या मागच्या कोपऱ्याला दोन दोऱ्या लावायच्या आणि एक डावीकडून, एक उजवीकडून माझ्या हाताशी आणायची. बोट वळली की एक सोडायची, दुसरी ओढायची. एवढंच. तासाभराचं काम. शनिवारी करतो.

९ मार्च, दुपारी १
दोऱ्या कप्प्यांतून ओवल्या. शेजारच्या बोटीवर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई असतात. एकट्या बोट चालवतात. मदत करू का, म्हणाल्या. मी म्हटलं, नको, माझं सगळं वाचून झालंय. मग म्हणाल्या, दोरीच्या टोकाला गाठ मारा, नाहीतर कप्पीतून निसटेल. मी सांगितलं, माझ्या यादीत आहे ते. सोळाव्या नंबरला आहे. मी नवव्यावर होतो.

९ मार्च, दुपारी ४
वारा आला. दोरी निसटली. जाता जाता बाईंचा चहा, कपबशीसकट, पाण्यात. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या बाई मला शाळेतही झेपल्या नव्हत्या.

निश्चय: यापुढे माझ्या बोटीवरची एकही दोरी सुटणार नाही.

१२ मार्च
ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली सराव. स्वतःची नवी पद्धत शोधून काढली. सात वेढे, दोन निरगाठी, वर गोंद. साहेबांनी काहीतरी विचारलं म्हणून उभा राहिलो, तर खुर्चीही उभी राहिली. पद्धत पास.

१६ मार्च
आज बांधायचंच होतं. पण ढगाळ. ढगाळ हवेत गोंद वाळत नाही. हिने विचारलं, दोऱ्यांचं कुठवर आलं? मी म्हटलं, शेवटच्या टप्प्यात.

२३ मार्च
झालं! डावी दोरी ताणून, उजवी सैल ठेवून, दोन्ही पक्क्या. शीड वर चढवायची दोरीही तशीच. बाईंनी येऊन ओढून पाहिलं. विचारलं, ही सुटायची कशी? मी म्हटलं, तेच तर!

२४ मार्च, सकाळी ९
इंजिनात डिझेल नाही. गरजही नाही. शीड असताना इंजिन लावणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. चाकू घरी राहिला. हरकत नाही.

२४ मार्च, संध्याकाळी ७
जसं घडलं तसं लिहितो. अकराला निघालो. वारा उजवीकडून, शिडं भरलेली. ही म्हणाली, अहो, चाललीय की! मला भरून आलं. आठ महिने याच वाक्यासाठी तर थांबलो होतो.

सव्वाअकराला पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापाशी वळलो. वारा डावीकडून आला. डावी दोरी सोडायला गेलो. सुटेना. एक नंबर गाठ. छोटं शीड उलटं फुगलं. मोठं शीड बोट पुढे ढकलतंय, छोटं मागे. बोट जागच्या जागी उभी, तीही बंदराच्या भर वाटेत. शीड उतरवावं म्हटलं, तर तिथेही माझीच कारागिरी. दातांनी पाहिलं. गोंद उत्तम प्रतीचा आहे.

हिला सांगितलं, याला मुद्दाम थांबणं म्हणतात, मोठमोठे खलाशी वादळात असंच करतात. हिने आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ निळं होतं.

तीन तास. ही वैतागेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. हिने डबा उघडला, मग विणायला लोकर काढली आणि बोलायला लागली. तिच्या ऑफिसातलं. लेक लांब गेल्यापासून घर किती मोठं वाटतं, ते. गुडघ्याचं. दोन महिने दुखतोय आणि मला पत्ता नाही. एरवी मी मध्येच उठून बोटीकडे जातो. आज बोटीवरच होतो, उठून जाणार कुठे? मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं.

सव्वादोनला बंदराचा लाँचवाला आला. मी म्हटलं, हे एक तंत्र आहे. तो म्हणाला, हो, पण लोकांना त्यातून बाहेरही पडता येतं. चाकू काढला, तीन दोऱ्या कापल्या आणि आम्हाला ओढून धक्क्याला आणलं. माझ्या पद्धतीचा अपमान झाला.

२५ मार्च
मेहुण्याचा माणूस आला. मी आतल्या खोलीत. हिने त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, कालच्याइतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. बोट राहिली! शेवटी तयारी कामी येते. पुढच्या महिन्यात बेटांची सफर, मी कप्तान.

३१ मार्च, रविवार
धक्क्यावर पोचलो तर स्टेसेलला नव्या दोऱ्या. ही आणि बाई काल येऊन ओवून गेल्या. अर्धा तास लागला म्हणे.

बाहेर पडण्याआधी बंदराच्या वहीत नावं लिहावी लागतात. हिने लिहिली. कप्तान म्हणून बाई. मदतनीस म्हणून ही. खाली तिसरा रकाना होता. प्रवासी: एक.

मी विचारलं, मी काय करायचं? ही म्हणाली, गेल्या रविवारी केलंत तेच. माझ्या शेजारी बसा, ऐका आणि दोरीला हात लावू नका.

बसलो आहे. लाल बोयापाशी वळलोसुद्धा. मला कळलंच नाही.