दुसरी पार्टी

३ जानेवारी
नकार आला. लेखकांना प्रकाशक मिळवून देणाऱ्या साहित्यिक एजंटबाई लिहितात — ‘कादंबरी आवडली, पण मन जडलं नाही.’ लग्नाला नाही म्हणतानाही लोक यापेक्षा बरं कारण शोधतात.

४ जानेवारी
नकार बायकोला वाचून दाखवला. तिने माझ्या हातचा चहा चाखला, कप बाजूला सारला. ‘आवडला, पण मन जडलं नाही.’

९ जानेवारी
आणखी एक नकार. हा तर पाठवल्या पाठवल्या आला — कादंबरी पोचायच्या आधी!

मी नोकरीला आहे त्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला आलेल्या आजोबांना खालची ओळ वाचता येईना. म्हटलं, ‘सोडा हो, माझी वरचीही कुणी वाचत नाही.’ मालक बघतच राहिले. मला रडू येत होतं, खरं सांगायचं तर.

१२ जानेवारी
मेहुणा आला. हा घरं विकून देतो. ‘दाजी, एजंटच हवाय ना? मग मी काय मेलोय?’

समजावलं, पुस्तकांचे एजंट वेगळे असतात. ‘एजंट तो एजंट. प्रिंट काढून एक प्रत द्या. माल दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही.’ प्रत नेली, माझ्या मेलचा पासवर्डही नेला. बुडत्याला काडीचा आधार, दिला.

२० जानेवारी
वाटोळं झालं. ज्या एका एजंटवर सगळी भिस्त होती, त्यांनी लिहिलं होतं — ‘पूर्ण कादंबरी पाठवा, वाचायला आवडेल.’ मेहुण्याने माझ्या नावाने परस्पर उत्तर ठोकलं — ‘दुसरी पार्टी तयार बसलीय. आजच्या आज काय ते सांगा.’

त्यांनी सांगितलं. ‘अभिनंदन. त्यांनाच द्या.’

मेहुणा म्हणतो, धंद्यात असंच बोलायचं असतं. दुसरी पार्टी नसतेच, पण पहिली घाबरून घर घेते. त्याला घराबाहेर काढलं. सख्खा भाऊ असूनही बायको मध्ये पडली नाही.

२१ जानेवारी
जेवलो नाही.

२३ जानेवारी
मेहुण्याचा फोन. ‘दाजी, मी थाप मारली होती, पण पार्टी खरीच निघाली. तुमची प्रत मी विकायच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये ठेवलेली, गिऱ्हाईकांच्या नजरेस पडावी म्हणून. एक बाई रोज बघायला येतात. फ्लॅट नकोय त्यांना, खिडकीत बसून वाचतात. काल संपली. आज परत पहिल्या पानापासून लागल्यात. खाली दुसरं गिऱ्हाईक ताटकळलंय, यांना उठवू कसा?’

म्हटलं, बसू दे त्यांना.