बर्फावर पांघरलेलं जॅकेट

आई, आज आपल्या शारजाच्या घरासमोरच्या फ्लॅटमधल्या मुलीच्या वर्गाला जाऊन आले. तीच, जी शाळेत नापास झाली की घरच्यांना टाळायला आपल्याकडे यायची आणि काकू काकू करत थेट तुझ्या स्वयंपाकघरात शिरायची. आता ती दुबईत अल बर्शाला राहते आणि तिथल्या इमारतीच्या पार्टी हॉलमध्ये बायकांना बर्फाने कापड रंगवायला शिकवते. मी मागे बसले होते. सुरुवातीलाच ती म्हणाली, "हे मला माझ्या काकूंनी शिकवलं." बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. तुझी मुलगी त्याच खोलीत बसलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. सांगून काय? पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्हालाही येत असेल ना हे?

तुझं शारजाचं स्वयंपाकघर मला अजून दारातूनच आठवतं. बाबा कामावरून, हमरिया बंदरातल्या कोल्ड स्टोरेजमधून येतात, हातात थर्माकोलची पेटी. मासळीच्या खोलीच्या भिंतींवर साठलेलं हिम खरवडून आणलेलं असतं. "घे, तुझं काश्मीर आलं," म्हणत ते पेटी ओट्यावर ठेवतात, आणि तू लगबगीने उठतेस, कारण बाहेर आग ओतणारा उन्हाळा आहे. धुण्याच्या सोड्यात भिजवून पिळलेलं सुती कापड तू चुरगाळून जाळीवर ठेवतेस, जाळी टबावर. कापडावर तो भुसभुशीत ढीग, ढिगावर चमच्याने रंगाची पूड. मग बाबांचं कोल्ड स्टोरेजमधलं जाडजूड जॅकेट त्या सगळ्यावर पांघरतेस, तापातल्या मुलाला गुंडाळावं तसं. बर्फ जितका सावकाश वितळेल तितका रंग फुटायचा. नुसती काळी पूड घातली तरी कापडावर निळा, जांभळा, मध्येच कुठे गुलाबी उतरायचा. मी उंबऱ्यावरून पुढे आले की तू म्हणायचीस, "तू इकडे नको. हाताला डाग पडले की जात नाहीत. तुला पेन धरायचंय." आणि मागे वळून तिला, "तू ये गं, हे टोक धर."

तुझं म्हणणं मी ऐकलं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, तू गेल्यानंतर मिळालेली. मला शिक्षणाचं मोल कळतं, त्यावर माझी मनापासून श्रद्धा आहे. दर शनिवारी मी घरकाम करणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवते, फुकट, आणि त्यांना सांगते की आपल्याला येतं ते अडवून ठेवायचं नाही. पण आज तिच्या हातांकडे बघत बसले होते. नखांच्या कडेला निळं होतं. तुझ्या असायचं तसंच. पूड पेरताना ती मान किंचित डावीकडे कलती ठेवते आणि ओठ मिटून काहीतरी गुणगुणते. ते तुझं आहे हे मी ओळखलं. आरशात मी कितीदा तुला शोधलंय. नाक बाबांचं निघालं, केस आत्याचे. आणि तू सगळीच्या सगळी तिकडे, अल बर्शात, परक्या मुलीच्या खांद्यांवर.

वर्ग सुटल्यावर ती धावत आली, गळ्यात पडली. म्हणाली, "ताई, काकूंचं ते जॅकेट आहे का गं तुझ्याकडे? रजई टाकून पाहिली, ब्लँकेट टाकलं. एसी फुल असतो तरी बर्फ पटकन खलास होतो."

जॅकेट माझ्याकडे आहे. बाबा गावी परत गेले तेव्हा एवढंच मी मागून घेतलं होतं.

"मासळीचा वास येतो त्याला," मी म्हणाले.

ती हसली. "माहितीये. काकू त्याला तुझ्या बाबांचं अत्तर म्हणायच्या."

हे मला माहीत नव्हतं. बाबांवरची तुझी ही थट्टा तू माझ्यासमोर कधी केली नव्हतीस. माझ्यासमोर तू निकाल, फी, व्हिसा, जेवलीस का, एवढंच बोलायचीस. दाराच्या आत तू कुणीतरी वेगळीच होतीस, आणि ती बाई मला भेटलीच नाही. मी तिला म्हणाले, हो, देते ना, उद्या येऊन घेऊन जा. शनिवारी बायकांना जे सांगते ते आठवून नाही म्हणायची लाज वाटली. शिवाय तिला ते कामाला येईल. माझ्याकडे ते फक्त कपाटावरच्या बॅगेत असतं. बॅग उघडली की आधी मासळी यायची, मग खोबरेल तेल, आणि सगळ्यात शेवटी, थोडा वेळ थांबलं तर, तू.

घरी येऊन मी ते धुतलं. दोनदा, भरपूर साबण घालून. आता बाल्कनीत वाळतंय. वर्गात बायका नाकं मुरडतील म्हणून स्वच्छ करून दिलं, असं तिला सांगणार आहे. तुला लिहिलेले हे कागद बॅगेत ठेवीन, जॅकेटची जागा रिकामी झालीच आहे. तुला मात्र खरं सांगते. तेवढी तरी तू तिला मिळू नयेस, म्हणून धुतलं. मघाशी बाल्कनीत जाऊन कॉलरला नाक लावून बराच वेळ उभी होते. लिंबाच्या साबणाचा वास येतोय.