ताईचे शांत पाय

गुरुवार, १४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं लिहायची पद्धत आहे. पण तू बरी नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे.

दुकान ठीक चाललंय. बाबांची खुर्ची शेवटी माळ्यावर टाकली. संध्याकाळ झाली की पोटऱ्यांच्या आत ते सरपटणं सुरू होतं, पाय झटकल्याशिवाय राहवत नाही, टेबलाला धक्का बसतो आणि घड्याळातला तिळाएवढा स्क्रू गेलाच समज. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, घड्याळ दुरुस्त करताय की नाचताय?" आता उभ्यानंच काम करते.

तू मात्र बस. खुशाल बस. दादाच्या पोरीच्या, आपल्या भाचीच्या, शाळेच्या कार्यक्रमात पर्स मांडीवर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी बसली होतीस, राणीसारखी. मी मागे भिंतीला टेकून, एकदा या पायावर, एकदा त्या. कार्यक्रम कसला बघतेय? तुझे पाय बघत होते. आईचे हे स्वस्थ न बसणारे पाय दोघींच्या वाट्याला आले आणि बरे झाले ते तुझेच! का, तर तुझ्या घराजवळ मेंदूविकाराचा डॉक्टर. आमचा डॉक्टर कॅल्शियम देतो आणि म्हणतो, मन कशात तरी रमवा. तुझ्या गोळीचं नाव कागदावर लिहून औषधाच्या दुकानात गेले, तर चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हणाला. तुझ्याकडे एक पट्टी मागितली, तर तू म्हणालीस, "अगं, ती काय लिमलेटची गोळी आहे वाटून खायला?" बरोबरच होतं तुझं. म्हणून तर जास्त झोंबलं.

आणि वर तुझी ती पार्सलं. पडदे, मग आणखी पडदे, कपबशांचे संच, आणि तीन भिंतीवरची घड्याळं. घड्याळं दुरुस्त करणारीच्या घरी, ताई! मी ह्यांना म्हटलं, बघा, किती ऐट दाखवतेय. एकही भिंतीवर लावलं नाही.

बरं. मंगळवारी मी तुझ्या शहरात आले होते. हो, आले आणि तुला कळवलं नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात कितीतरी महिन्यांनी नंबर लागला होता. बसमध्ये सीट असून उभी राहिले; कंडक्टर म्हणाला, नवस बोललाय का?

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आधी रक्तातलं लोह तपासू, कमी असेल तर ते भरून काढल्यावरही पाय पुष्कळ शांत होतात. नाहीतर गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत, ती बघू. मी ऐकतेय कुठे! गोळीच्या नावाचा कागद पुढे करून लहान पोरीसारखा हट्ट धरला, "ते नको. मला ताईची गोळी हवी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या जातीच्या गोळीनं काही जणांचा हात आवरत नाही म्हणाल्या. कुणी खरेदी करत सुटतं, कुणी जुगार, कुणी खात राहतं. आधी कितीही काटकसरी माणूस असो. "तुमच्या ताईंचं तसं काही झालंय का?"

मी म्हटलं, "छे, काही नाही."

खोटं कशाला सांगू, जिन्यात आले तेव्हा मला आधी बरं वाटलं. म्हणजे हिलाही सगळं फुकटात मिळालं नव्हतं तर! अस्सं बरं वाटलं. मग ती घड्याळं आठवली. एकसारखी तिन्ही. ऐट करणारं माणूस एकच वस्तू तीनदा पाठवत नाही गं. मी तशीच वर गेले, पुन्हा रांगेत उभी राहिले आणि बाईंना सगळं सांगितलं.

तर नीट वाच. गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. हे वाचलंस की लगेच तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि खरेदीचं सगळं सांग, लाजू नकोस. ते हळूहळू कमी करतील, दुसरं औषध देतील. त्यांनी हे आधी सांगितलंही असेल, पण पायांना आराम पडल्यावर कोण लक्षात ठेवतं? तू भाचीला म्हणालीस ना, माझंच डोकं फिरलंय, माझीच मला लाज वाटते? डोकं फिरलेलं नाही. गोळीचं आहे ते.

आता दुसरं. भावोजींचा मला फोन आला होता. विचारत होते, तुझी ताई आधीपासून अशीच होती का? जी बाई साबणाचे तुकडे जोडून वापरायची, तिच्याबद्दल. आणि मी म्हणाले, "तिला मिरवायची हौस पहिल्यापासूनच, तुम्हाला उशिरा कळलं." त्यानंतरच त्यांनी ठरवलं ना, रविवारी तुला दादाकडे नेऊन सोडायचं?

फोनवर हे सांगायला गेले असते तर तू पहिल्या वाक्याला ठेवून दिला असतास. म्हणून आमचे हे उद्या सकाळी स्वतः पत्र घेऊन येताहेत. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागदही सोबत आहे.

गोळी कमी होताना पाय काही दिवस जास्त छळतील म्हणाल्या. तुझे ते शांत पाय जातील, ताई. हेच मी मागत होते, आणि आता रडू येतंय. मी दुकान बंद ठेवून येते. दोघी मिळून घरभर येरझाऱ्या घालू.

हे पत्र भावोजींना वाचायला दे. सगळं, पहिल्या ओळीपासून. नुसतं गोळीचं लिहून दुसरं, नीटनेटकं पत्र देता आलं असतं. पण मग माझं फोनवरचं बोलणं त्यांना खरंच वाटत राहील, सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल. ती का बोलली ते त्यांना कळू दे.

तुझ्यावर जन्मभर जळलेली आणि तरी तुझीच,
धाकटी