करमाळ्याची गाडी

९ जानेवारी १९७३, मिरजगाव
आज पुन्हा दोघी 'आफ्रिकेची सून' बघायला आल्या. चहा पिता पिता एकीने सासूबाईंना विचारलं, "भाकरी थापता येती का हिला?" माझ्यासमोर. मला मराठी कळतं, हेसुद्धा सासूबाईंनीच सांगितलं. नैरोबीत जन्मले, वाढले. बाबा घरात मराठीच बोलायला लावायचे. आपला देश, आपला देश. इथे आल्यावर कळलं, परदेश तो हा.

१४ जाने.
संक्रांत. दिनकरला (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणे. इथे घेते.) म्हैसूरला जायची आठवण करून दिली. लग्न ठरताना, नगरला माझ्या मामांच्या घरी, सगळ्यांदेखत कबूल केलं होतं त्याने, वर्षाला एक प्रवास. म्हणाला, "दुष्काळ आहे. आत्ता फिरायला गेलो तर गाव काय म्हणेल?"
परवा मित्रांबरोबर नगरला सिनेमा पाहून आला, तेव्हा गाव काही म्हणालं नाही.
तिकडे मी बाबांची मोटार चालवत होते. सुट्टी लागली की मोंबासा, समुद्र. इथे दिनकरच्या दुकानापर्यंत जायचं तरी नणंद बरोबर हवी.

१९ जाने.
गेले.
नणंद घरी नव्हती, म्हणून दिनकरचा डबा घेऊन दुकानात एकटीला पाठवलं. डबा दिला. स्टँडवर सोलापूरची एस.टी. उभी होती, चढले. कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं. पुढच्या बाईने जे सांगितलं तेच सांगितलं, करमाळा.
दोन्ही बाजूंना करपलेली रानं, रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका. बघण्यासारखं काही नाही. तरी खिडकीतून नजर हलेना. करमाळ्याच्या स्टँडवर चहा प्याले, उलट्या गाडीने परत.
घरी सगळे ओसरीवर.
दिनकर : "कुणाला भेटायला गेली होतीस?"
"कुणालाच नाही. जावंसं वाटलं, गेले."
"खरं सांग. कोण होतं बरोबर?"
सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा. "आमच्यात असलं चालत न्हाई. सुना अशा हिंडत न्हाईत."
कोण होतं बरोबर. अजून कानात तेच.

२३ जाने.
दिनकर बोलत नाही. मीही नाही. डबा आता गडी नेतो.
दुपारी ज्वारी निवडताना सासूबाई हळूच, "करमाळ्याला काय हुतं गं?"
"चहा."
जरा वेळाने, "म्या कवा पाह्यलं न्हाई. माहेर आन् सासर. नगरला गेल्ते, ते दवाखान्यात. येकडाव मलाबी ने. ह्यास्नी कळू न देता."
दया यायला हवी होती. संताप आला. ओसरीवर सगळ्यांसमोर ओरडली ती हीच बाई.
सूप खाली ठेवलं. "चोरून नाही नेणार. सगळ्यांसमोर सांगा, त्या दिवशी सुनेचं काही चुकलं नव्हतं. मग नेते."
"लई कडक हायेस."
असेन.

२६ जाने.
अजून बोलल्या नाहीत. जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा "कालवण घ्या" म्हणाल्या. मी वाट बघत नाही. बघते. त्याचाही राग येतो.

२८ जाने.
दुपारी मामंजी आणि दिनकर जेवायला बसलेले. सासूबाई भाकरी वाढता वाढता, मान खाली घालून,
"ती येकटी गेल्ती त्यात काय वाईट झालं न्हाई. आता मीबी जानार हाय तिच्यासंगं."
मामंजींचा घास हातातच राहिला. मग ताटातच हात धुतला, उठून गेले. निम्मी भाकरी तशीच.
दिनकर माझ्याकडे बघून, "आईलाही शिकवलंस."
"त्या बोलल्या. त्यांना विचार."
तो चपला घालून दुकानात गेला.
हो कुणी म्हटलं नाही, नाही कुणी म्हटलं नाही. सासूबाई चुलीपाशी जेवत होत्या, पाठ माझ्याकडे. मला त्यांचा राग आहे, अजून आहे, एक वाक्य बोलल्याने तो...
आत्ताच सासूबाई दारात आल्या. उद्या कोणतं लुगडं नेसू म्हणून विचारत होत्या. मी लिहीतच राहिले. अजून तिथेच उभ्या आहेत बहुतेक, बांगड्या वाजतायत.