सतरा नंबरचं काय करायचं?

३ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. काल अध्यक्षबाईंनी संस्थेच्या आपत्ती नियोजनाचं काम माझ्यावर सोपवलं. घरात एकट्या पडलेल्या चाळीस आजारी माणसांना आमचे स्वयंसेवक रोज फोन करतात, औषधं पोचवतात. वादळ येवो, पूर येवो, हे थांबता कामा नये. बायको म्हणाली, आधी न्हाणीघरातला गळका नळ बघा. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

९ मार्च.
अप्पांचे तीन फोन. घेतले नाहीत, मीटिंगमध्ये होतो. (मीटिंग उद्या आहे, पण मनाने आजच तिथे होतो.) रोज वडिलांशी बोलायला मला सवड कुठे? म्हणून त्यांचं नाव संस्थेच्या यादीत घातलं. आता रोज सकाळी आठला त्यांना फोन जातो. मुलाने आणखी काय करायचं असतं?

२१ मार्च.
फोनच्या टेबलावरच्या ताई दृष्टिहीन आहेत. बारा वर्षं हे फोन त्याच करतात. मी त्यांच्याशी मुद्दाम मोठ्याने आणि सावकाश बोलतो. त्या म्हणाल्या, मला ऐकू नीट येतं. स्वाभिमानी बाई!

४ एप्रिल.
आराखडा चौऱ्याऐंशी पानं झाला. माहिती ताईंनी सांगितली. नाव घ्यायला लागल्या की मी थांबवायचो: गोपनीयता! फक्त नंबर. सतरा नंबर: ऑक्सिजनचं मशीन, वीज गेली तर बॅटरी तीन तास. असं मशीन अप्पांकडेही आहे, त्यामुळे या लोकांच्या अडचणी मला आतून कळतात. कोणता नंबर कोणाचा, ते परिशिष्ट तीनमध्ये: ‘यादी फोनच्या टेबलावर.’

कलम नऊ: आपत्तीत दिव्यांग स्वयंसेवकांना सर्वांत आधी घरी पोचवावे. ताईंनी विचारलं, मग फोन कोण करणार? म्हणालो, मी आहे ना. हे कलम लिहिताना माझेच डोळे भरून आले.

१८ मे. सकाळी ९.
वादळाचा इशारा! आराखडा अंमलात. ताई जायला तयार नव्हत्या. शेवटी हाताला धरून गाडीत बसवलं.

१०.१०
वीज गेली. घाबरायचं कारण नाही.

१०.२५
यादीची वही उघडली. कोरी पानं, त्यांवर नुसते उठलेले ठिपके. ब्रेल. या वहीवर मी दर सोमवारी ‘तपासले’ म्हणून सही करतोय.

११.००
ठिपक्यांवरून बोट फिरवून पाहिलं. डोळे मिटूनही पाहिलं. शून्य. ताईंचा फोन सारखा व्यस्त. अशा वेळी लोकांना गप्पा कशा सुचतात? अप्पांची मात्र काळजी नाही. ते यादीत आहेत.

१२.४०
सतरा नंबर डोक्यातून जात नाही. अर्धा तास राहिला. बिचाऱ्याला मुलगाबिलगा कोणी नसेल का?

१.१५
ताईंचा फोन लागला. चाळीसच्या चाळीस नंबर त्यांना पाठ. घरून सगळ्यांना फोन करून झाले. सतरा नंबरच्या बॅटरीची वीस मिनिटं उरली होती, तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने त्यांना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात पोचवलं. मी विचारलं, पण सतरा नंबर म्हणजे कोण? ताई म्हणाल्या, तुमचे अप्पा.

२० मे.
दवाखान्यात गेलो. अप्पांना सांगितलं की आराखडा होता म्हणून निभावलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थकवा असेल.

२ जून.
आपत्तीचं काम आता ताईंकडे. त्यांचा आराखडा एक पान. माझी चौऱ्याऐंशी पानं पाठकोरी म्हणून कामाला आली. मला फायली लावायचं काम दिलंय, तेही जबाबदारीचंच.

नवे फॉर्म आलेत: अडचणीत कोणाला कळवायचं? सतरा नंबरचा फॉर्म माझ्याच हाताखालून गेला. पहिलं नाव फोनवाल्या ताईंचं, नातं: मुलगी. दुसरं शिंप्याचं, नातं: मुलगा. तिसरं माझं. नातं: संस्थेतले साहेब.

मला वाटलं, म्हातारपणी लिहिताना गोंधळ होतो. पण अक्षर स्वच्छ आहे, कुठे खाडाखोड नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या नावापुढे फोन नंबरची जागा कोरी सोडलीय.

माझा नंबर अप्पांना पाठ आहे.