तळघरातली बादली कुणीही ओतू नये

मी, आयलीव नेस्हाइम, वय सव्वीस, गाव वोस, सध्या उत्तरेच्या समुद्रात मासेमारी जहाजावर कामाला. शाळेत दहावीपर्यंत नावालाच होतो, तेव्हा लिहिण्यातली चूकभूल समजून घ्यावी. डोके ठिकाणावर आहे. जहाजावर दारूला बंदी असल्याने शुद्धीबद्दल तर कुणी शंकाच काढू नये. हिवाळी फेरीत प्रत्येकाने काय ते लिहून ठेवा असे कप्तान म्हणाला, म्हणून लिहितो. दुसऱ्या कुणाचा दबाव नाही.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा सिन्नोव्हेताईला. तिच्या एकटीच्या नावावर. तिचा नवरा तोरगैर दाजी यांचे नाव का नको, ते कलम तीनमध्ये कळेल.

२. बँकेत असेल ते ताईच्या येणाऱ्या बाळाला. मोटरसायकल विकावी. दाजींना चालवायला देऊ नये, ते चालवायच्या आधी पुस्तक वाचत बसतील.

३. बाबांचे तांब्याचे भांडे, लाकडी पीप आणि यीस्ट. यीस्ट म्हणजे आमच्या घरचे बियरचे विरजण. पणजीच्या हातचे, दुकानात मिळत नाही. तळाचा साका वाळवून पुढच्या खेपेला वापरायचा, असे चालत आले. बाबा गेल्यावर एक बरणी उरली होती. नाताळची बियर दाजी करतो म्हणाले. पहिल्या खेपेला अर्धे यीस्ट घालून बादली काठोकाठ भरली. फेसाला वर जागा नको का? फेस एअरलॉकच्या, म्हणजे झाकणातून हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत अडकला, झाकण छताला जाऊन आपटले, आणि दाजींनी घाबरून सगळे मोरीत ओतले. दुसऱ्या खेपेला धसका घेऊन एवढी मोठी बादली आणली की बियर तळाशी आणि वर नुसती पोकळी. झाकणही ढिले. हवा कडेने निघून जाते, नळीत बुडबुडा येणार कुठून? उरलेले सगळे यीस्ट त्याच बादलीत आहे. काल फोन आला.

"आयलीव, नळी गप्प आहे रे. मेलं तुमचं यीस्ट. ओतून टाकतो."

"घातलं कधी, दाजी?"

"शुक्रवारी. मग आम्ही बर्गनला आईकडे गेलो, ते आत्ता येतोय."

"अहो, मग ते केव्हाच उरकलं असेल! आमचं यीस्ट दोन दिवसांत काम आटोपून झोपतं."

"पुस्तकात दोन आठवडे लिहिलंय."

"पुस्तकातलं यीस्ट वेगळं. झाकण काढा. कडेला वर फेस वाळलेला दिसतो का बघा. चाखा. गोड लागली तर नाही झाली, गोडी गेली असेल तर झाली."

"झाकण काढायचं नसतं. आत हवा शिरते."

"ओतूनच टाकायची आहे ना? मग हवेचं काय भ्या?"

"हे बघ, तू चिडू नकोस. बुधवारी मी बादली घासतो आणि यीस्टचं नवीन पाकीट आणतो."

बुधवार उद्या आहे. मी इथे मासे साफ करतोय. ताई पोटुशी, ती चाखणार नाही. वर म्हणते, "तुमचं तुम्ही बघा, मला त्या वासानंच मळमळतं."

४. आमच्याकडे बियर पिपात भरायच्या दिवशी शेजाऱ्यांना चाखायला बोलावतात. न बोलावणे म्हणजे तोंडावर दार लावणे. कुंपणावरून वाद झाला त्या वर्षी बाबांनी शेजारच्या गुरोकाकूंना बोलावले नाही. तेव्हापासून काकूंनी आमचा उंबरा ओलांडला नाही. पण घोटभर चाखून सांगेल असे माणूस जवळपास तेवढेच आहे. म्हणून कुंपणालगतची ती वादातली जमिनीची पट्टी, माझ्या हिश्श्याची, मी काकूंना देतो. बाबा थडग्यात कूस बदलतील. बदलू देत. आज सकाळी काकूंना फोन लावला.

"कोण? आयलीव? तुझ्या बापानं मला चाखायला बोलावलं नव्हतं."

"मी बोलावतोय ना, काकू. दाजी उद्या बियरची बादली ओतून टाकणार, आजच जाऊन चाखा. दाजींना सांगा, मी पाठवलंय."

"आता बादली मोरीशी गेली तेव्हा काकू आठवली होय रे? आणि मी आले तर तो बर्गनवाला मला आत घेईल—"

फोन तुटला. नंतर लागला नाही. जहाज अजून उत्तरेला चालले आहे.

५. म्हणून दोन्ही लिहून ठेवतो. काकू गेल्या असतील आणि यीस्ट वाचले असेल, तर अर्धे ताईचे, अर्धे काकूंचे, भांडे आणि पीप ताईचे, आणि दर वर्षी चाखायला बोलावायला दाजींनी स्वतः काकूंच्या दारात जावे, टोपी काढून. बादली ओतली गेली असेल, तर पीप फोडून चुलीत घालावे आणि भांडे दाजींना द्यावे. त्यात त्यांनी बटाटे उकडावेत.

६. रबरी बूट स्वयंपाकी हाल्वरला द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. हाल्वर म्हणाला, "मग मी सही फुकट करू काय?" शेवटी केली.

यातले काय झाले ते हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल. मला सही करताना ठाऊक नाही.

सही: आयलीव नेस्हाइम

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली:
हाल्वर मो, स्वयंपाकी
यंताउतास ग्रिगास, जाळी दुरुस्त करणारा

ठिकाण: बॅरेंट्स समुद्र, जहाजावर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५