शेजारच्या बशीसकट

मी, खाली सही करणारी, या घराची थोरली सून, औषधी झाडांचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासण्यात उभा जन्म घालवलेली आणि आता स्वतःच त्या रोगाची रुग्ण, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. नाही म्हणणारे पुढे निघतील, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायला आले होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

एक. राहते घर मुलीला. तिने विकावे, भाड्याने द्यावे, हवे तर कुलूप लावून ठेवावे. फक्त भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, बाटल्या भरायला जागा देऊ नये. 'निदान मागची खोली तरी' असे ते म्हणतील. बोट दिले की हात धरणारा माणूस आहे, आणि मुलीचे मन मऊ आहे.

दोन. परसातले झुडूप तोडू नये. त्या बिचाऱ्याने कोणाला काही सांगितलेले नाही. त्याच्या पानांच्या अर्काने काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे खरे आहे. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही मेल्या, हेही तितकेच खरे आहे. शेजारच्या बशीशिवाय मी कधी प्रयोग केला नाही. नुसत्या मारायच्या तर पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. पण वर्तमानपत्राला माहिती देताना आमच्या साहेबांनी ती बशी गाळली. 'जागा नव्हती हो,' म्हणाले. एरवी मला 'पालेवाली' म्हणून हसणारे साहेब त्या दिवशी फोटोत माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. तो फोटो त्यांना द्यावा. चौकट काढून घ्यावी.

तीन. ती बातमी वाचून भाऊजींनी पाने उकळली, बाटल्या भरल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'वहिनींचा अर्क'. खाली माझा फोटो, लग्नातला. अर्क म्हणाल तर या घरात एकच आहे, आणि तो बाटलीत मावणारा नाही. जाब विचारला तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी लोकांना आशा विकतोय, विष नाही." कोपऱ्यावरच्या शिंप्याने बायकोचे इस्पितळातले उपचार थांबवून ती बाटली सुरू केली होती. रस्त्यात गाठून तो माझे आभार मानायला लागला. मी त्याला तिथेच झापले आणि दोघांना गाडीत घालून इस्पितळात नेले. उशीर झाला होता. ती बाई गेली. आशा म्हणे! तेव्हापासून मी भाऊजींच्या पंगतीला बसलेले नाही.

म्हणून माझी इच्छा नव्हे, आज्ञा: माझे नाव, फोटो आणि 'वहिनी' हा शब्द कोणत्याही बाटलीवर दिसता कामा नये. दिसल्यास मुलीने कोर्टात जावे, खर्च माझ्या ठेवीतून करावा. उरलेली ठेव आणि माझी सगळी पिपेटे चिमणीला, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, जी आता लॅबमध्ये माझ्या जागी आहे. अर्कातला नेमका कोणता घटक मारतो आणि निरोगी पेशींना तो सोडू शकतो का, हे तिने शोधावे. झाडपाल्यात औषध नसते असे मी कधीच म्हटले नाही. मला सलाईनमधून देतात ते औषधही मुळात झाडातूनच आलेले आहे. पण ते बशीतून माणसापर्यंत आणताना कोणी मधली पायरी गाळली नाही.

चार. माझ्या गाठीविषयी. शस्त्रक्रियेत निघालेली गाठ मी रीतसर परवानगीने लॅबला दिली. चिमणीने तिच्यातल्या पेशी वाढवल्या आणि माझ्या हट्टाखातर त्यांच्यावर आमचा अर्क टाकला. मेल्या. पार साफ झाल्या. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते, आणि खोटे का बोलू, जीव लालचावला. परसात झुडूप, घरात पातेले, विचारणार कोण?

"बाई, शेजारची बशी बघायची राहिली," चिमणी म्हणाली.

त्या बशीत माझ्याच निरोगी पेशी होत्या. त्याही गेल्या होत्या. घरी येऊन मी पोटभर रडले, मग तोंड धुतले आणि पुढच्या सलाईनची तारीख घेतली. अर्काचा थेंबही मी घेतलेला नाही. जगले तर तो अर्काचा गुण नव्हे. मेले तर 'अर्क घेतला असता तर वाचल्या असत्या' असे कोणी म्हणू नये. मेल्या म्हशीला मणभर दूध असते, आणि आमच्याकडे त्या दुधाच्याही बाटल्या भरल्या जातील. सबब हे कलम माझ्या निधनाच्या बातमीत जसेच्या तसे छापावे, शेजारच्या बशीसकट.

पाच. सोन्याच्या पाटल्या जाऊबाईंना, आणि कितीही राग असला तरी, यजमानांचे घड्याळ त्यांच्या भावाला, म्हणजे भाऊजींना, असे ठरले होते. पण डॉक्टरीणबाईंच्या जोडीला दुसरा साक्षीदार मिळेना. भाऊजींशी वाकडे कोण घेणार? तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मी करते सही."

वकीलबाईंनी त्यांना समजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

"नको मला पाटल्या."

"साक्षीदाराच्या नवऱ्यालाही मिळत नाही. घरी कळलं तर?"

जाऊबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाल्या, "शिंप्याच्या बायकोची बाटली मी भरली होती. पेन द्या."

सबब कलम पाच रद्द. पाटल्या आणि घड्याळ मुलीला.

सही: थोरली सून
साक्षीदार: डॉक्टरीणबाई
साक्षीदार: धाकटी सून
स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सलाईननंतरचा सोमवार